शेवटी काय म्हणाले

गुरुवार, ६ फेब्रुवारी

— तर दूध तापवून खाली उतरवलं, न्हाणीघराच्या जाळीत केस अडकले होते ते काढले, कपडे भिजवले, आणि गॅसचा बर्नर चोंदला होता म्हणून टाचणी शोधत होते. ह्यांची आंघोळ झाली. आतून ओरडले, "हा टॉवेल ओला आहे!" मी म्हटलं, "मग? मी आधी अंग पुसलं, तर कोरडा कसा राहील?" उत्तर आलं नाही. वाटलं, फुगले. मी टाचणीच शोधत राहिले. सापडली. बर्नर साफ केला. दार ढकललं तेव्हा हे खाली बसले होते, भिंतीला टेकून, टॉवेल मांडीवर. बघून वाटावं, दमले म्हणून जरा टेकलेत.

डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल.

एवढंच. तीन वर्षं झाली. सरांनी वर्गात 'एक साधी सकाळ' लिहून आणायला सांगितलंय. माझ्याकडे लिहिण्यासारखी सकाळ ही एकच. बाकीच्या सगळ्या सारख्याच.

शनिवार, ८ फेब्रुवारी

या वयात विद्यार्थिनी झाले! दातांच्या दवाखान्यात मी बाहेरच्या टेबलावर बसते, नंबर लावते, आणि उरलेला वेळ वाचते. वीस वर्षांत वाचनालयाची निम्मी कपाटं तिथेच बसून संपवली. कॉलेज नाही, काही नाही. परवा डॉक्टर आतून बाहेर आले. "बाई, आत पेशंट कळवळतोय आणि तुम्ही हसताय!" कादंबरी विनोदी होती, मी काय करू?

वाचनालयात वरच्या मजल्यावर लेखनाचा वर्ग सुरू झालाय, दर गुरुवारी संध्याकाळी. जिने चढून जायचं, कारण लिफ्टवर 'बंद आहे' अशी पाटी. हे लिफ्ट दुरुस्तीचं काम करत. असते तर आधी पाटी वाचून हसले असते, मग खिशातून पाना काढला असता.

वर्गात आठ-नऊ जण. सरांचं एक पुस्तक फार पूर्वी निघालंय. ते टेबलावर असं ठेवतात की नाव आमच्याकडे येईल. 'सर्जनशीलता' हा शब्द उच्चारताना तोंडात गरम घास असल्यासारखं करतात. परवा म्हणाले, "लिखाणात रिकामी जागा बोलली पाहिजे." आणि रिकाम्या जागेवर तासभर बोलले.

एक आहेत चांदोबा — मी ठेवलेलं नाव. सगळी हयात पाणीपुरवठ्यात गेली, पण कवितेत पाण्याचा थेंब नाही. नुसता चंद्र. आणि एक मखमल. गाद्यांच्या कंपनीत जाहिराती लिहिते, बोलतेही तशीच. तिच्या बोलण्यात बसलं की माणूस आत रुततो. पहिल्याच दिवशी माझा हात धरून म्हणाली, "काकू, तुमच्या डोळ्यांत खूप काही साचलंय." मला त्या आठवड्यात डोळे आले होते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज माझी सकाळ वाचली.

इथला एक नियम आहे. ज्याचं लिखाण वाचलं, त्याने चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. सर म्हणतात, "लेखक मेला असं समजायचं." मेलेला माणूस मी जवळून पाहिलाय. त्याला इतका घाम येत नाही.

चांदोबा सुरू झाले. "ओला टॉवेल म्हणजे न ढाळलेले अश्रू. वा!" कोपऱ्यातली चष्मेवाली म्हणाली, "आणि टाचणी म्हणजे बोचणारी आठवण." सगळ्यांनी हं हं केलं. मी मनात म्हटलं, बर्नर राहिला, त्याचंही काहीतरी करा. तर एकाने केलं! बर्नर म्हणजे दाबून टाकलेला संताप!

मग सर. "प्रतीकं छान. पण मला ही बाई पटत नाही. नवरा आत गेलाय आणि ही बर्नर साफ करते? रडत नाही, ओरडत नाही?"

मखमल हळूच म्हणाली, "जरा कोरडी वाटते ना ती?"

"आणि 'टॉवेल ओला आहे' हे शेवटचं वाक्य?" सर म्हणाले. "माणसाच्या मुखातलं अखेरचं वाक्य असं असतं का? वाचक विश्वास ठेवणार नाही."

मी हात वर केला.

"काकू, तुम्ही मेलात!" सर म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. काय करणार, मेले होते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ती बाई पटत नाही म्हणे! मी तिच्याबरोबर तीन वर्षं एकाच खोलीत राहतेय, मला पटायला हवी की तुम्हाला?

रविवार, १६ फेब्रुवारी

नणंद आली होती. ह्यांची धाकटी बहीण. येते, चहा घेते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, स्वतःच्या सुनेची तक्रार करते. मग चपला घालता घालता, पाठ माझ्याकडे असताना, ठरलेला प्रश्न. "वहिनी, दादा शेवटी काही म्हणाला का गं?"

मी म्हणते, "नाही गं. काही नाही."

ती म्हणते, "बरं." आणि जाते.

'माझ्याबद्दल' हा शब्द ती कधी उच्चारत नाही. मीही तिला उच्चारायला लावत नाही.

तिच्या मुलीचं लग्न होतं, त्या दिवशी कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली. आत दोन म्हाताऱ्या. हे लग्नाच्या कपड्यांनिशी खड्ड्यात उतरले. तिथून थेट हॉलवर आले, कोपरापर्यंत ग्रीस. नणंद दारात उभी होती, व्याह्यांचं स्वागत करायला. त्यांच्या देखत म्हणाली, "दादा, अरे काय हे रूप! मागच्या दाराने ये ना!" हे मागच्या दाराने आले नाहीत. पुढच्याही नाही. घरी येऊन हात धुतले आणि झोपले. मी आत पंगतीत बसले होते, मला जेवण उरकल्यावर कळलं. त्यानंतर तिचे फोन आले, ह्यांनी घेतले नाहीत. वर्ष व्हायच्या आत ती सकाळ आली.

काही म्हणाले नाहीत हेच खरं. टॉवेलचं तिला सांगितलेलं नाही. ते ऐकून ती काय करणार?

गुरुवार, २० फेब्रुवारी

वर्ग सुटल्यावर मखमल चहाला घेऊन गेली. "काकू, तुम्ही लिहिलंत त्याच्यामागे बरंच काही आहे. मला ऐकायचंय." फार छान ऐकते ती. मध्ये बोलत नाही, हातातला चहा थंड होऊ देते, ओठ किंचित उघडे ठेवते. तीन वर्षांत कुणी असं ऐकलं नव्हतं. सांगत गेले. लग्नाचा दिवस, ग्रीस, नणंदेचा प्रश्न. ती म्हणाली, "म्हणजे माफी द्यायची राहूनच गेली!" मी म्हटलं, "माफीबिफी नाही गं, ते हट्टी होते." तिने ते ऐकलं नाही. इतकं सगळं ऐकलं, तेवढंच नेमकं नाही.

बिल तिने दिलं. म्हटलं, किती चांगली पोर!

गुरुवार, २७ फेब्रुवारी

चांगली पोर! गोष्ट लिहून आणलीन. नाव 'ओलावा'. माझा टॉवेल पिळून काढला असावा.

गोष्टीतला गृहस्थ खिडकीशी पलंगावर पडलाय. पडदा वाऱ्यावर हलतोय. बायकोचा हात हातात. आणि तो म्हणतो — मी शब्द न् शब्द लक्षात ठेवलाय — "धाकटीला सांग, माझ्या मनात काही नाही. तिच्यासाठी दार उघडंच होतं. मलाच उठून जाता आलं नाही." मग डोळे मिटतो. पुढे ती बायको रोज रात्री त्याचा शर्ट उशाशी घेऊन झोपते.

आमच्या खिडकीला पडदा नाही, डासांची जाळी आहे. ह्यांचा कामाचा शर्ट उशाशी घेतला असता तर सकाळी उशी फेकून द्यावी लागली असती. आणि चार ओळी! संसारात हा माणूस माझ्याशी सलग चार ओळी कधी बोलला नाही. बोलायचे एकच वाक्य, आणि तेही असं की समोरच्याला दोन दिवस पुरायचं.

चांदोबांनी डोळे पुसले. चष्मेवालीने चष्मा काढला. सर थोडा वेळ गप्प राहिले — रिकामी जागा! — आणि मग माझ्याकडे वळले. "काकू, बघा. वैधव्य असं लिहायचं. शिकण्यासारखं आहे."

लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही. मला सांगितलं की वैधव्य हिच्याकडून शिका. हिचं अजून लग्न व्हायचंय!

शनिवार, १ मार्च

मखमलला फोन केला. म्हटलं, ते वाक्य काढ. बाकी शर्ट, पडदा, काय हवं ते ठेव. ते वाक्य त्यांनी म्हटलेलं नाही.

"काकू, पण तो ते नाहीतच! आणि ती तुम्ही नाहीच! कुठे नाव आहे का?"

"मग धाकटी कुठून आली?"

"कथेला एक राहून गेलेलं नातं लागतं, काकू."

"माझं घेतलंस ते?"

मग गादीवरून आल्यासारखा आवाज. "काकू, ते वाक्य काढलं तर कथाच उरत नाही."

हे मात्र ती खरं बोलली. ते काढलं की नुसता पडदा उरतो.

फोन ठेवल्यावर वाटलं, मी इतकी पुस्तकं वाचली, रडले, हसले. त्या प्रत्येकात कुणाच्या ना कुणाच्या घरातलं उचललेलं असणारच की. तेव्हा मी लेखकाला विचारायला गेले नाही, ही बाई कुठून आणलीस म्हणून. पान उलटलं आणि पुढचा नंबर आत सोडला.

मंगळवार, ४ मार्च

आज कणीक मळताना ह्यांचा आवाज कानात आला. नेहमीच येतो, त्यात नवं काही नाही. पण आज म्हणाले, "दार उघडंच होतं."

हात तसाच राहिला. हे वाक्य त्यांचं नाही! पण आवाज त्यांचा होता, तोच घोगरा. टॉवेलचं वाक्य आठवायला गेले तर ते जरा मागे होतं. दुसऱ्या खोलीतून आल्यासारखं.

भीती वाटली. माझ्याकडे या माणसाचं काय उरलंय? पाने-पकडी कंपनीने नेल्या. फोटोत ते फोटोतल्यासारखेच दिसतात. एक सकाळ आहे, तीही ओल्या टॉवेलची, पण अस्सल. तिच्यावर कुणीतरी पलंग आणून टाकलाय.

दवाखान्यात डॉक्टरांनी दोनदा हाक मारली म्हणे. मला ऐकू आली नाही. म्हणाले, "आज पुस्तकही नाही हातात. बाई, बरं आहे ना?"

गुरुवार, ६ मार्च

वर्गाचा कार्यक्रम शनिवारी पंधराला, खालच्या सभागृहात. प्रत्येक जण वाचणार. शेवटी 'ओलावा'. माझी सकाळ नाही घेतली. सर म्हणाले, "तुमची अजून मुरायला हवी." आणि पुढे, "पण तुम्हाला मंचावर बसवणार आहोत. प्रेरणा म्हणून."

प्रेरणा! शेजारी फुलदाणी ठेवणार असतील.

म्हटलं, मंचावर नको. मखमलचं वाचन झालं की दोन शब्द बोलेन. सर इतके खूश झाले! "अवश्य, काकू! मनातून बोला."

मनातूनच बोलणार आहे. वाक्यही ठरलंय. 'माझा नवरा असं काही म्हणाला नव्हता. तो म्हणाला, टॉवेल ओला आहे.' एवढंच म्हणायचं आणि खाली बसायचं. मेल्यावर एकदा तरी हात वर करून बोलायचं आहे.

रविवार, ९ मार्च

नणंदेचा फोन. कार्यक्रमाचं तिला कळलं. चष्मेवाली तिच्या सुनेची मैत्रीण निघाली, जग एवढंसं!

"वहिनी, तू भाषण करणार आणि मला सांगितलं नाहीस?"

"भाषण कसलं? दोन शब्द."

"मी येणार. पुढे बसणार. दादा असता तर आला असता."

दादा असता तर लिफ्ट दुरुस्त करत बसला असता, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. येऊ नको म्हणायला हवं होतं. कारण काय सांगू, ते सुचलं नाही. मला ऐन वेळी काही रचता येत नाही. हाच माझा दोष आहे असं सर म्हणतात.

गुरुवार, १३ मार्च

वर्गात आज फक्त माइकची चर्चा. चांदोबांना दोन कविता हव्यात. दोन्ही पौर्णिमेच्या.

शनिवार, १५ मार्च

कार्यक्रम झाला. सगळं लिहायला हवं, पण हात जड झालाय.

नणंद माझ्या शेजारी, पहिल्या रांगेत. ठेवणीतली साडी. चांदोबांच्या पहिल्या पौर्णिमेला माझ्या कानात म्हणाली, "हे अजून किती वेळ?" मला हसू फुटलं. सरांनी डोळे वटारले. असं आम्ही दोघी कित्येक वर्षांत हसलो नव्हतो.

मग मखमल. आवाज खाली घेतला, दिवेही खाली घेतले. पलंग, पडदा, हात. मी वाक्याची वाट बघत होते, कारण नंतर माझं वाक्य होतं. "धाकटीला सांग..." नणंदेने माझं मनगट धरलं. बांगड्या रुतल्या. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच बघत होती. "...माझ्या मनात काही नाही."

टाळ्या. टाळ्यांत ती म्हणाली, "वहिनी, हे तू तिला सांगितलंस?" आणि उत्तराआधीच, "मला कधी नाही सांगितलंस!"

तेवढ्यात सरांनी माझं नाव पुकारलं.

वर गेले. माइक माझ्यापेक्षा उंच होता, कुणीतरी येऊन वाकवला. वाक्य जिभेवर तयार होतं. खाली पाहिलं. पहिल्या रांगेत नणंद, तोंड अर्धवट उघडं, मान वर. दवाखान्यात खुर्चीत बसलेली माणसं बघतात तशी. सुई यायच्या आधी.

मी म्हटलं, "सगळ्यांचे आभार." आणि उतरले.

सर पायरीवर हात धरून म्हणाले, "किती संयत, काकू! रिकामी जागा कशी बोलली!" त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटली.

मखमल बिलगली. डोळे भरलेले, खरोखरचे. "काकू, राग नाही ना?" मी म्हटलं, "वाचलंस छान." छान वाचलंच तिने. तिच्यावर राग धरायलाही आता वेळ नव्हता.

बाहेर फाटकाशी नणंद उभी. आज पाठ माझ्याकडे नव्हती. "वहिनी, खरं सांग. दादा असं म्हणाला?" गाड्या ये-जा करत होत्या, लोक निघत होते, चष्मेवाली 'काकू, फोटो!' म्हणून हाका मारत होती. मी म्हटलं, "इथे नको. उद्या तुझ्या घरी येते."

ती म्हणाली, "नक्की ये हं." लहान मुलीसारखं.

खोटं मला जमत नाही, याचा मला आजवर मोठा ताठा होता. तीन वर्षं तिला 'नाही' म्हणताना मी सरळपणाच दाखवत होते असं वाटायचं. आता वाटतं, थोडी मजाही येत असेल.

'नाही' म्हटलं तर माझी सकाळ माझ्याकडे राहते, अस्सल. 'हो' म्हटलं तर त्या पलंगावर मीच ह्यांना नेऊन झोपवलं असं होईल. मग आठवणार काय?

रविवार, १६ मार्च

नणंदेकडे गेले. सून बाहेर गेली होती. दार लावून तिने मला समोर बसवलं.

मी म्हटलं, "म्हणाले होते. पलंगबिलंग नाही, आदल्या रात्री, जेवताना. पण म्हणाले."

"मग इतके दिवस का नाही सांगितलंस?"

"माझाच राग होता तुझ्यावर." हे खोटं नव्हतं.

ती मान हलवत राहिली. विश्वास बसत नव्हता तिचा. बसावा कसा, चार ओळींचं बोलणं आणि तो माणूस! मग माझ्या तोंडून निघालं, आधी कुठे ठरवलेलं नव्हतं. "आणि वर म्हणाले, 'तिला म्हणावं, मला मागच्या दाराने पाठवत होतीस, पण तुझ्या व्याह्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण बघितलंस का? सगळी बटणं तर माझ्याच शर्टाला होती.'"

ती हसली. हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "बाकीचं मला खरं वाटलं नव्हतं, वहिनी. पण हे... हा दादाच!"

मी हो म्हटलं.